रविवारची काठी: मुठीत गोल्फ स्टिक लपवलेली चालायची काठी कशी ओळखायची, पारखायची आणि जमलं तर घरी कशी बनवायची

गुप्ती आपल्याकडे सगळ्यांना माहिती आहे, दिसायला साधी काठी आणि मूठ ओढली की आतून पातं. स्कॉटलंडमधल्या गोल्फवेड्यांनी साधारण तोच उद्योग केला पण पात्याच्या जागी गोल्फ स्टिक. आणि यात ओढायचं काही नाही, काठीची मूठ म्हणजेच गोल्फ स्टिकचं डोकं. चालताना ते तळहातात झाकून जातं, मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून काठी उलटी करायची, बारीक टोकाकडून धरायची, खिशातला बॉल खाली टाकायचा आणि दोनचार फटके मारून परत सज्जन माणसासारखं काठी टेकत चालू लागायचं. तिकडे याला संडे स्टिक म्हणतात, सॅबथ (म्हणजे देवाचा, विश्रांतीचा दिवस) स्टिक पण म्हणतात, कारण भानगड सगळी रविवारची होती.

हा लेख कोणासाठी? घरात आजोबा-पणजोबांची अशी काठी सापडलीय, किंवा ऑनलाईन लिलावात बघून घ्यावीशी वाटतेय, किंवा सुतारकामाचा नाद आहे आणि स्वतः करून बघायचीय, अशांसाठी. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो म्हणजे पुढचं सगळं त्या नजरेने वाचाल. विकणारा तुम्हाला पाद्री, दंड, चोरून खेळणं ही सगळी कथा रंगवून सांगतो, कथा छानच आहे, पण ती आहे सोळाव्या-सतराव्या शतकातली आणि बाजारात फिरणाऱ्या बहुतेक काठ्या आहेत साधारण १८९० ते १९३० मधल्या. तीनशे वर्षांचा फरक आहे राव. त्यामुळे कथेवर जाऊ नका, लाकडावर जा. तरी इतिहास लागतोच, कारण तो माहिती असला की विकणाऱ्याची थाप कुठे सुरू होते ते लगेच कळतं.

आधी रविवारचं भांडण समजून घ्या

स्कॉटलंडमध्ये गोल्फवर पहिली लेखी बंदी आली १४५७ मध्ये, राजा जेम्स दुसरा याच्या पार्लमेंटने आणली, फुटबॉल आणि गोल्फ दोन्हीवर. पण तिचा धर्माशी काही संबंध नव्हता. इंग्लंडशी कायमचं वैर, लढाईला तिरंदाज पाहिजेत, आणि पोरं धनुष्य सोडून बॉलच्या मागे. म्हणून खेळ बंद, आणि गावच्या चर्चजवळ निशाणं उभी करून रविवारी तिरंदाजीचा सराव करायचा असा हुकूम. म्हणजे गंमत बघा, पहिल्या कायद्यात रविवार विश्रांतीचा नाहीच, परेडचा आहे. लोकांनी ऐकलं नाही हे उघड आहे कारण तीच बंदी १४७१ ला आणि १४९१ ला परत काढावी लागली. १४९१ वाली काढली जेम्स चौथ्याने, आणि याच जेम्स चौथ्याने १५०२ मध्ये इंग्लंडशी तह झाल्यावर स्कॉटलंडमधल्याच पर्थच्या धनुष्य बनवणाऱ्या कारागिराकडून स्वतःसाठी गोल्फ स्टिका विकत घेतल्या, खजिन्याच्या हिशोबात तशी नोंद आहे. धनुष्य बनवणाराच स्टिका बनवायचा हे पण लक्षात ठेवा, लवचिक लाकूड कसं निवडायचं हे ज्याला कळतं त्याचंच ते काम, खाली बनवायच्या भागात उपयोगी पडेल.

धर्म मध्ये आला १५६० नंतर. स्कॉटलंड प्रोटेस्टंट झालं, तिथल्या चर्चला ते लोक कर्क म्हणतात, आणि कर्कच्या लेखी रविवार म्हणजे देवाचा दिवस, त्यात प्रवचन सोडून दुसरं काही नाही. अडचण अशी की राबणाऱ्या माणसाला सुट्टीच तेवढी एक. मग संघर्ष होणारच. १५९२ मध्ये एडिंबराच्या नगर परिषदेने रविवारचा गोल्फ बंद केला. सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या जुन्या गावातल्या चर्च समितीने १५९९ मध्ये सरळ दरपत्रकच लावलं, पहिल्यांदा सापडलात तर १० शिलिंग, दुसऱ्यांदा २०, तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर प्रायश्चित्त, चौथ्यांदा तुमच्याकडे जे काही पद असेल ते गेलं. पर्थला १६०४ मध्ये रॉबर्ट रॉबर्टसन नावाच्या गड्याला रविवारी खेळला म्हणून चर्चमध्ये सगळ्या गावासमोर प्रायश्चित्ताच्या आसनावर बसवलं, बिचाऱ्याचं नाव चारशे वर्षांनी आपण इथे वाचतोय. जेम्स सहावा, जो तोवर इंग्लंडचाही राजा झाला होता, त्याने १६१८ मध्ये प्रार्थना संपल्यावर लोकांनी थोडी करमणूक केली तर करू द्या अशा अर्थाचं फर्मान काढलं, पण कर्कच्या कडक मंडळींना ते कधीच पचलं नाही.

आता खरा मुद्दा. दंडाचा काळ गेला तरी रविवारची लाज गेली नाही. एकोणिसाव्या शतकात तर ती आणखी घट्ट झाली, कोणी पकडून नेत नव्हतं पण चार लोक काय म्हणतील हे होतंच, आणि हे प्रकरण आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. सेंट अँड्र्यूजचं मैदान सांभाळणारे ओल्ड टॉम मॉरिस (१८२१–१९०८) यांच्या नावावर एक वाक्य सांगतात की बाबांनो तुम्हाला रविवारी विश्रांती नको असेल पण मैदानाला हवी. तिथला ओल्ड कोर्स आजही रविवारी बंद असतो, मोठी स्पर्धा वगैरे असेल तर अपवाद, एरवी गावातले लोक त्यावर कुत्री घेऊन फिरायला येतात. ओपन चॅम्पियनशिप या ब्रिटनमधल्या मोठ्या गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस ठरवून रविवारी ठेवायला १९८० साल उजाडलं, स्कॉटलंडच्या म्युरफिल्ड मैदानावर. आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्कॉटलंडचा एरिक लिडेल १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आहे म्हणून धावलाच नाही, ४०० मीटर धावला आणि गोल्ड घेऊन आला. ज्या वर्षांत या काठ्या दुकानात विकल्या जात होत्या त्याच वर्षांतली ही गोष्ट, म्हणजे रविवार पाळणारे तेव्हाही नुसते नावाला नव्हते.

मग काठ्या नेमक्या १८९० च्या आसपास का वाढल्या? दोन गोष्टी जुळून आल्या. एकतर गोल्फची लाट आली, रेल्वेने लोक समुद्रकाठच्या मैदानांवर जायला लागले, कारागिरांची वर्कशॉप मोठी झाली. दुसरं म्हणजे त्या काळात काठी ही सभ्य पुरुषाच्या पोशाखाचा भाग, आणि काठीत काहीतरी लपवायची फॅशन जोरात होती, दारूची नळी, छत्री, घोड्याची उंची मोजायची पट्टी, बसायची खुर्ची, काय वाट्टेल ते. गोल्फची काठी त्याच माळेतली. माझं सरळ मत आहे की यातल्या बऱ्याच काठ्यांनी कोणालाही फसवलं नाही, ज्या गावात प्रत्येक दुसरा माणूस गोल्फ खेळतो तिथे ती मूठ कशाची आहे हे पाद्र्याला कळत नव्हतं असं मानणं म्हणजे पाद्र्याला बावळट समजणं. बऱ्याचशा भेट म्हणून, गंमत म्हणून, किंवा चालता चालता लॉनवर सराव म्हणून घेतल्या गेल्या असणार. त्याने काठीची किंमत कमी होत नाही, पण "ही पाद्र्याच्या भीतीने बनवलेली १७ व्या शतकातली" असं कोणी म्हणालं तर हसून पुढे जा.

आपल्याकडे अशी काठी सापडू शकते का? सापडू शकते. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा आहे, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना, आणि मुंबईत १८४२ पासून गोल्फचा क्लब होता. स्कॉटिश व्यापारी, फौजी अधिकारी, इंजिनिअर भरपूर आले, सामान घेऊन आले, आणि जाताना सगळं नेलं असं नाही. पुण्याचा कॅम्प, देवळाली, महाबळेश्वर, माथेरान इथल्या जुन्या बंगल्यांचं सामान विकलं जातं तेव्हा काठ्यांच्या गठ्ठ्यात नजर टाकायला काय जातंय.

काठी हातात आली, आता काय बघायचं

सगळ्यात आधी जाडी बघा. हे एकच काम नीट केलं तरी निम्म्या बनावट काठ्या तिथेच कळतात. साध्या गोल्फ स्टिकचा दांडा हाताच्या पकडीकडे जाड असतो आणि डोक्याकडे बारीक होत जातो. चालायच्या काठीचं उलट, मुठीकडे जाड आणि जमिनीकडे बारीक. संडे स्टिक ही मुळात काठी म्हणून बनवलेली असते, म्हणजे डोक्याजवळ जाड पाहिजे आणि टोकाकडे निमुळती. तुमच्या हातातली काठी जमिनीच्या टोकाला जाड आणि मुठीजवळ बारीक असेल तर बहुतेक कोणीतरी जुनी गोल्फ स्टिक कापून, कातड्याची पकड काढून, खाली पितळी टोपण ठोकून तुम्हाला "दुर्मिळ" म्हणून विकतोय. बोटांनी वरून खाली चाचपत जा, डोळ्यापेक्षा बोटांना लवकर कळतं.

मग लांबी. चालायची काठी साधारण ३४ ते ३७ इंच. हिकरी या चिवट लाकडाच्या जुन्या ड्रायव्हरची, म्हणजे लांब फटक्याच्या स्टिकची लांबी ४२ इंचाच्या आसपास असते, पटर, म्हणजे बॉल हळूच ढकलायची स्टिक ३५ च्या आसपास. म्हणजे बनावट करणाऱ्याला पटर सोयीचा पडतो, तो कापावाही लागत नाही फार. म्हणून लांबी बरोबर आहे यावर खूश होऊ नका, लांबी आणि निमुळतेपणा दोन्ही जुळले तर पुढे जा.

मूठ हातात धरून खरंच चाला, दहा पावलं. डोकं खऱ्या स्टिकपेक्षा लहान आणि कडा गोलसर असतात, म्हणजे तळहातात बसावं. तळव्याला धारदार कड टोचत असेल, डोकं मोठं असल्याने बोटं मिटत नसतील तर ते डोकं काठीसाठी घडवलेलंच नाही. मग काठी उलटी करून फटक्याच्या पोझिशनमध्ये धरा, डोक्याचा तळ जमिनीवर सपाट टेकला पाहिजे आणि तोंड, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, समोर आलं पाहिजे. नुसती शोभेची मूठ असेल, म्हणजे गोल्फच्या आकाराची मूठ असलेली साधी काठी, तर तळ जमिनीवर बसतच नाही, कोन भलताच असतो. अशा शोभेच्या काठ्या पण जुन्या आणि चांगल्या असू शकतात, फक्त त्या संडे स्टिक म्हणून घेऊ नका.

आता जोड, आणि इथे वेळ घालवा कारण काळ इथे कळतो. जुन्या पद्धतीत डोक्याची मान आणि दांडा दोन्ही तिरके तासून एकमेकांवर चिकटवायचे, चारसहा इंचांचा लांब तिरका जोड, त्यावर डांबर लावलेला काळा दोरा घट्ट गुंडाळायचा. १८९० च्या दशकात दुसरी पद्धत आली, डोक्याला भोक पाडून दांडा आत बसवायचा, ती स्वस्त आणि झटपट असल्याने हळूहळू तीच सगळीकडे झाली. म्हणून तिरका जोड असेल तर काठी जुनी असण्याची शक्यता जास्त, पण खात्री नाही, कारण काही कारागीर तिरका जोड नंतरही करत राहिले. लाकडी डोक्याच्या भोकात बसवलेला दांडा असेल तर मात्र १८९० च्या आधीची म्हणू नका. दोऱ्याकडे पण बघा. दोरा नवा कोरा आणि लाकूड जुनं असं असेल तर दुरुस्ती झालीय, त्यात वाईट काही नाही पण विकणाऱ्याने सांगायला पाहिजे होतं. दोरा चकचकीत नायलॉनचा असेल तर काय ते समजा.

डोकं लाकडी असेल तर मागच्या बाजूला शिसं ओतलेलं दिसतं, खाली पुढच्या कडेला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी बसवलेली असते आणि ती लाकडाच्या छोट्या खुंट्यांनी अडकवलेली असते, बहुतेक तीन. शिंगाची पट्टी का, तर जमिनीला घासून लाकडाची कड फुटू नये म्हणून. शिसं, शिंग, खुंट्या तिन्ही असतील तर बनवणाऱ्याला खरी गोल्फ स्टिक बनवता येत होती हे नक्की. लाकूड बहुतेक बीच किंवा पर्सिमन, दांडा हिकरी किंवा ॲश. हिकरीत सरळ लांब रेषा दिसतात आणि हातात वजन लागतं. लोखंडी, पितळी, ॲल्युमिनियमची डोकीही असतात. ॲल्युमिनियमवरून आठवलं, त्या काळात ॲल्युमिनियमच्या गोल्फ स्टिका करणारा प्रसिद्ध माणूस म्हणजे सुंदरलंडचा विल्यम मिल्स, ज्याने पुढे पहिल्या महायुद्धात मिल्स बॉम्ब नावाचा हातगोळा काढला. असो.

तोंडावर बॉलचे वण आहेत का बघा. १८४८ च्या आधी बॉल म्हणजे कातड्यात पिसं कोंबलेली असायची, मग गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या रबरासारख्या चिकाचा कडक बॉल आला. याची एक आख्यायिका आपल्या लोकांना आवडेल, सेंट अँड्र्यूजच्या पॅटरसन नावाच्या पाद्र्याला म्हणे पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली आणि ती ज्या गटापर्चात पॅक केली होती त्यातून बॉल बनवायची कल्पना निघाली. खरं खोटं विष्णूलाच ठाऊक, पण कडक बॉलमुळे लाकडी तोंडं फुटायला लागली आणि तोंडात कातडं किंवा शिंग बसवायची पद्धत वाढली हे खरं. मूठ म्हणून दोनचार पिढ्या हाताळलेलं डोकं तोंडाच्या बाजूला पण गुळगुळीत झालेलं असतं, आणि वण त्या गुळगुळीतपणाच्या खाली दिसतात. ताजे वण वर उठून दिसतात, लाकूड आतून फिकट.

स्क्रू बघायला विसरू नका, तळाला पितळी पट्टी असेल तर स्क्रू असतातच. सरळ एका चिरेचे पाहिजेत. अधिकच्या चिन्हासारखा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आला, तो दिसला तर एकतर काठी नंतरची किंवा हात लागलेला आहे.

खालचं टोपण, पितळेचं, लोखंडाचं किंवा शिंगाचं. माणूस काठी तिरकी टेकतो त्यामुळे खरी वापरलेली काठी एका बाजूने झिजते. सगळीकडून सारखी झीज म्हणजे ग्राइंडर फिरवलाय. अजिबात झीज नाही म्हणजे कपाटात उभी राहिलेली काठी, हे बऱ्याचदा खरं असतं, भेट मिळालेल्या वस्तूंचं तसंच होतं.

शिक्के आणि चांदी

डोक्यावर कारागिराचा शिक्का असेल तर काम सोपं. सेंट अँड्र्यूजच्या रॉबर्ट फोर्गन यांना १८६३ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सचे स्टिक बनवणारे म्हणून मान मिळाला, तेव्हापासून त्यांच्या मालावर तीन पिसांचा शिक्का, आणि प्रिन्स १९०१ मध्ये राजा झाल्यावर पिसांच्या जागी मुकुट. एवढ्यावरून काठी १९०१ च्या आधीची की नंतरची ते कळतं. लोखंडी डोक्यांवर लोहाराची खूण असते, टॉम स्टुअर्टची चिलीम, जॉर्ज निकोलचा हात, विल्यम गिब्सनची चांदणी. पण शिक्के खोटे मारता येतात हे पण तितकंच खरं. जुना शिक्का लाकडाच्या झिजेबरोबर झिजतो, खोटा शिक्का झिजलेल्या लाकडावर कडक उमटलेला असतो.

मानेजवळ चांदीची पट्टी असली तर भिंग घ्या आणि मजा बघा, कारण ब्रिटिश चांदीवर हॉलमार्क असतो आणि तो खोटं बोलत नाही सहसा. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, किल्ला म्हणजे एडिंबरा, झाड-मासा-घंटा एकत्र म्हणजे ग्लासगो. शेजारी एक इंग्रजी अक्षर असतं ते वर्षाचं, त्याचे तक्ते ऑनलाईन सहज मिळतात, पण अक्षर कुठल्या आकाराच्या चौकटीत आहे ते पण जुळवायचं, नुसतं अक्षर जुळवलं तर वीस-पंचवीस वर्षांनी चुकाल. राजा किंवा राणीचं डोकं असेल तर पट्टी सहसा १८९० ची किंवा आधीची, कारण ती चांदीवरचा कर भरल्याची खूण होती आणि तो कर त्याच वर्षी बंद झाला. ईपीएनएस लिहिलं असेल तर चांदीचा मुलामा आहे, चांदी नाही. आणि पट्टीचं वर्ष म्हणजे काठीचं वर्ष असं धरून चालू नका, पट्टी दुसऱ्या काठीवरून काढून बसवलेली असू शकते, पट्टीच्या खाली लाकडावर दुसऱ्या मापाची पुसट रेघ दिसते का बघा.

घेताना

मूठ किंवा तोंडातला तुकडा पांढरा असेल तर थांबा. हस्तिदंत असेल तर हात लावू नका, भारतात हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद आहे, आणि ब्रिटनमध्ये पण हस्तिदंत कायदा २०२२ पासून लागू झाल्याने तिकडचा विक्रेताही अडचणीत येतो. ओळखायचं कसं, हाडात बारीक काळपट ठिपके किंवा छोट्या रेषा दिसतात, हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाला एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. गरम सुई टोचून बघा असा सल्ला कोणी देईल, कृपया नको, वस्तू खराब होते.

ऑनलाईन घेत असाल तर विक्रेत्याकडून हे फोटो मागा: दोन्ही टोकांची जाडी मोजपट्टी लावून, जोड चारही बाजूंनी, तळ, खालचं टोपण समोरून, आणि काठी सरळ आहे का ते एका टोकाकडून डोळा लावून. शेवटचा फोटो देत नाही म्हणजे दांडा वाकलेला आहे. डाकखर्च आणि कस्टम ड्युटीचं आधी विचारा, लांब पार्सल महाग पडतं. पुण्यात जुना बाजार बुधवार-रविवार भरतो, मुंबईत चोर बाजारात मटन स्ट्रीट आहेच, पण तिथे कोणाला संडे स्टिक विचारू नका, काठ्या दाखवा म्हणा आणि शांतपणे चाळा, नाव घेतलं की भाव चढतो. भारतातच सापडलेली काठी शंभर वर्षांच्या वरची असली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, परदेशी विकायचा किंवा न्यायचा विचार असेल तर आधी पुरातत्व खात्याकडे चौकशी करा.

आणि विमान. चालायची काठी केबिनमध्ये चालते, गोल्फ स्टिक चालत नाही. तुमच्याकडे दोन्ही एकात आहे. सिक्युरिटीवाल्याशी चर्चेत जिंकायच्या भानगडीत पडू नका, सरळ बॅगेज काउंटरला द्या.

स्वतः बनवायची असेल तर

जुनी काठी कापून प्रयोग करू नका, नवी बनवा. दांड्याला आपल्याकडे हिकरी मिळणार नाही, पण धामणाचं लाकूड मिळालं तर सोनं, लवचिकपणासाठी ते पूर्वीपासून नावाजलेलं आहे. नाहीतर चांगलं सुकलेलं, सरळ रेषांचं, गाठ नसलेलं कुठलंही चिवट लाकूड. सागवान दिसायला देखणं पण झटक्याला तितकं चिवट नाही, डोक्याला शिसवी छान. दांड्याला ३८ इंच घ्या म्हणजे जोडात आणि कापण्यात गेलं तरी उरतं. मुठीकडे साधारण एक इंच आणि टोकाकडे पाऊण इंचाच्या आत, आधी चौकोनी रंधून घ्या, मग कोपरे मारून अष्टकोनी, मग गोल. एकदम गोल करायला गेलात तर वाकडं होणार.

डोक्याचा ठोकळा निवडताना लाकडाच्या रेषा मानेतून डोक्यात लांब गेल्या पाहिजेत. आडव्या रेषांची मान पहिल्या जोरकस फटक्याला तुटते. म्हणूनच जुने कारागीर नैसर्गिकरीत्या वाकलेली काटेरी झाडाची फांदी शोधायचे. आकार आधी पुठ्ठ्यावर काढा, पुठ्ठा कापून मुठीत धरून बघा, पसंत पडला की ठोकळ्यावर आखा, करवत, मग पटाशी, मग कानस, मग पॉलिश पेपर. डोकं चार इंचांच्या आत ठेवा. तोंड जवळजवळ उभं ठेवा, पटरसारखं, कारण अशा काठीने तुम्ही लांब फटका मारणार नाही आहात, मारूही नये. उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी की डावऱ्यासाठी ते आखायच्या आधी ठरवा.

जोड तिरकाच करा, पाच इंच तरी. दोन्ही बाजू रंध्याने सपाट करून प्रकाशासमोर धरा, मधून उजेड दिसला की अजून काम बाकी. सरस परंपरागत आहे पण आपल्या पावसाळ्यात सुटतो, चांगलं इपॉक्सी वापरा, शिकंजात एक दिवस ठेवा, मग मेण लावलेला जाड सुती दोरा गुंडाळा, टोक वेढ्यांच्या खाली ओढून घ्यायचं, गाठ वर दिसता कामा नये. वजनासाठी मागे खाच कोरून शिसं बसवायचं, पण घरी शिसं वितळवू नका, धूर विषारी असतो. मासेमारीच्या शिशाच्या गोळ्या ठोकून चपट्या करा, हातमोजे घालून, आणि इपॉक्सीने खाचेत दाबा. शिसं किती घालायचं ते काठी उलटी धरून हळू झुलवत ठरवा, डोकं कुठे आहे ते हाताला कळलं पाहिजे पण चालताना मूठ जड वाटता कामा नये. या दोन्हीत ओढाताण होतेच, मी म्हणेन चालण्याच्या बाजूने झुका. खाली मेडिकलच्या दुकानातलं काठीचं रबरी टोपण लावलंत तरी चालतं, काढून फटका मारायचा, परत लावायचं.

पावसाळा आणि देखभाल

जुनी काठी असेल तर आधी काहीच करू नका. घासून चकचकीत केलेल्या काठीची निम्मी किंमत गेली समजा, ती जी काळपट तुकतुकी असते ना तीच तर बघायची असते. मऊ सुती फडकं, अगदीच मळ असेल तर किंचित ओलसर, लगेच कोरडं. लोखंडी डोक्यावर गंज असेल तर बारीक स्टील वूल आणि थोडं तेल, शिक्क्याच्या जागी हात न लावता. वर्षातून एकदा जवसाच्या उकळलेल्या तेलाचा अगदी पातळ हात, अर्धा तास थांबून सगळं पुसून काढायचं. नव्या काठीला लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश उत्तम, पण पावसाळी हवेत लावलंत तर पांढरं पडतं, म्हणून दिवाळीनंतर लावा.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर काठी भिंतीला टेकवून ठेवू नका, दांडा वाकतो. आडवी ठेवा दोन ठिकाणी आधार देऊन, किंवा डोक्याकडून टांगून ठेवा. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर भुंगा लागलाय, काठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून इतर लाकडी सामानापासून वेगळी ठेवा आणि किडीच्या औषधवाल्याला दाखवा, वाट बघू नका.

खेळून बघायचंच असेल तर जुन्या काठीने आजचा कडक बॉल मारू नका, फोमचा सरावाचा बॉल घ्या आणि गवतावर छोटे ढकलफटके. आणि जवसाचं तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती सुकताना स्वतःहून तापतात आणि पेटू शकतात, बाहेर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.